सहा एमईव्हीचा इलेक्ट्रॉन आणि वहीतली चार उत्तरं

मे महिन्यात नागपुरात दुपारी तीनला कुणी कुणाच्या घरी जात नाही. त्यामुळे दार वाजलं तेव्हा काहीतरी खरंच अडलं असणार, हे उघडण्याआधीच कळलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची माझी विद्यार्थिनी होती. महाल भागातून लक्ष्मीनगरपर्यंत स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून आली होती. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली आणि वही उघडून म्हणाली, "सर, उत्तर तर येऊन राहिलं, पण उजेडाच्या पाचपट येऊन राहिलं."

प्रश्न तिच्या अभ्यासक्रमातला नव्हता. तिच्या आत्याची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, आणि शहरातल्या एका रुग्णालयात रेडिएशन चालू होतं. घरात सगळे त्याला शेक म्हणतात. उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात एका छोट्या जागेवर वेगळा शेक द्यायचा होता, आणि त्या कागदावर लिहिलं होतं: इलेक्ट्रॉन, ६ एमईव्ही. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक. आत्या शाळेपुढे शिकलेल्या नाहीत, पण विचारायच्या थांबत नाहीत. त्यांनी भाचीला विचारलं, "तू फिजिक्स करते ना? मंग हे जे आत येते, ते किती जोरानं येते वं?"

ती रात्रीच गणिताला बसली होती. पुढच्या तीन दिवसांत तिच्या वहीत या एकाच प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं जमा झाली. एक उघड चूक होतं. उरलेली तिन्ही दिसायला सारखीच बरोबर होती, आणि त्यातली दोन चूक होती. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे ते त्या दोन उत्तरांसाठी. वर्गात आपण पहिली चूक शिकवतो. दुसरी आणि तिसरी तपासतही नाही.

पहिलं उत्तर

तिनं केलं होतं ते बारावीतलं कुठलंही मूल करेल तेच. गतिज ऊर्जा म्हणजे हाफ एमव्ही स्क्वेअर. ६ एमईव्हीचे ज्यूल केले, ९.६१३ गुणिले दहाचा उणे तेरावा घात. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान घेतलं, ९.१०९ गुणिले दहाचा उणे एकतिसावा घात किलोग्रॅम. दुप्पट केली, भागलं, वर्गमूळ काढलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे १४ लाख ५३ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २ लाख ९९ हजार ७९२ किलोमीटर, म्हणजे हे त्याच्या ४.८५ पट. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. एककंसुद्धा नीट होती, आणि त्याबद्दल मी तिला आधी शाबासकी दिली, कारण ज्यूल आणि इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गोंधळातच निम्मी मुलं अडकतात.

सूत्र चुकीचं आहे असं मी तिला म्हटलं नाही. ते जिथे चालतं तिथे उत्तमच चालतं. प्रश्न एवढाच की इथे चालतं का, आणि ते ठरवायला एकच तुलना लागते: कणाची गतिज ऊर्जा त्याच्या विराम-ऊर्जेच्या किती पट आहे. विराम-ऊर्जा, म्हणजे वर्गात आपण रेस्ट एनर्जी म्हणतो ती, इलेक्ट्रॉनची ०.५११ एमईव्ही आहे. ६ भागिले ०.५११, म्हणजे ११.७४. साध्या सूत्राला हे गुणोत्तर एकापेक्षा खूप लहान हवं असतं. इथे ते जवळजवळ बारा आहे.

मग तिला तेच ६ एमईव्ही प्रोटॉनला देऊन पाहायला सांगितलं. प्रोटॉनची विराम-ऊर्जा ९३८.३ एमईव्ही, गुणोत्तर ०.००६४. साध्या सूत्रानं वेग येतो प्रकाशाच्या ०.११३१ पट, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनं ०.११२६ पट. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. ऊर्जा तीच, पण एका कणाला न्यूटन पुरतो आणि दुसऱ्याला मुळीच पुरत नाही. ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिली. "म्हणजे सहा एमईव्ही मोठं की लहान, हे कणाला विचारा लागते," ती म्हणाली. अगदी बरोबर.

यातून एक कामचलाऊ अंदाज निघतो, तो मी मुलांना पाठ करायला सांगतो. साध्या सूत्रानं काढलेला वेग खऱ्यापेक्षा जेवढ्या अंशानं जास्त येतो, तो अंश साधारण त्या गुणोत्तराच्या पाऊणपट असतो, गुणोत्तर लहान असेपर्यंत. एक टक्का चूक चालत असेल, तर इलेक्ट्रॉनसाठी साधं सूत्र साधारण ७ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत वापरता येतं आणि प्रोटॉनसाठी साडेबारा एमईव्हीपर्यंत. जुन्या रंगीत टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉन सुमारे २५ हजार व्होल्टनं पळवले जायचे. त्यांचा वेग प्रकाशाच्या ०.३०२ पट भरतो, साधं सूत्र ०.३१३ सांगतं. साडेतीन टक्क्यांची चूक. म्हणजे घरोघरी दिवाणखान्यात ठेवलेल्या त्या खोक्यातही सापेक्षता आली होती.

पुढे जाण्याआधी मी तिला तो कागद पुन्हा वाचायला लावला. रेडिएशनच्या त्याच यंत्रातून, म्हणजे लिनॅकमधून, दोन प्रकारचे किरण निघू शकतात. रुग्णांना बहुतेक वेळा क्ष-किरण दिले जातात, म्हणजे फोटॉन, आणि तिथे लिहितात ६ एमव्ही. फोटॉनला विराम-ऊर्जा नसते. तो कितीही ऊर्जेचा असो, प्रकाशाच्या वेगानंच जातो, आणि आपल्या गणिताला तिथे जागाच नाही. या कागदावर 'ई' होता आणि 'इलेक्ट्रॉन' हा शब्द होता. तेव्हा गणित करण्यात अर्थ होता.

दुसरं उत्तर, ज्याला मी मान डोलावली

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. सापेक्षतेचं प्रकरण काढून वाचलं होतं आणि उत्तर मिळालं होतं: प्रकाशाच्या वेगाच्या ०.९९६४ पट. मला ढोबळ उत्तर ठाऊक होतं, ०.९९ च्या पुढे काहीतरी, आणि मी म्हणालो, "छान, जमलं." फोन ठेवला. संध्याकाळी अंबाझरी तलावावर फिरायला गेलो तरी तो आकडा डोक्यातून जाईना. घरी येऊन कागदावर मांडलं तर माझं उत्तर आलं ०.९९६९.

चौथ्या दशांशस्थानी पाचाचा फरक. कुणीही म्हणेल, दशांश कुठेतरी तोडले असतील. पण तिनं वापरलेला आकडा ०.५११ होता आणि माझाही तोच. इतका फरक तोडातोडीनं येत नाही. मी तिला पायऱ्या पाठवायला सांगितल्या.

चूक पहिल्याच ओळीत होती. पुस्तकात लिहिलं होतं, ऊर्जा बरोबर गॅमा गुणिले एमसी-वर्ग. गॅमा हा सापेक्षतेतला गुणक, कण थांबलेला असताना एक आणि प्रकाशाच्या वेगाजवळ जाताना वाढत जाणारा; एमसी-वर्ग म्हणजे विराम-ऊर्जा. तिनं ऊर्जेच्या जागी ६ टाकले आणि गॅमा काढला ११.७४. पण त्या सूत्रातली ऊर्जा एकूण आहे. तिच्यात विराम-ऊर्जा आधीच धरलेली असते, आणि लिनॅकवरचे ६ एमईव्ही ही गतिज ऊर्जा आहे. एकूण ऊर्जा ६.५११ एमईव्ही. म्हणजे

गॅमा = १ + (गतिज ऊर्जा ÷ विराम-ऊर्जा) = १ + ११.७४ = १२.७४

त्या एकाच्या बेरजेवर सगळं अवलंबून होतं. घोळ 'ऊर्जा' या शब्दानं केला. आपण मराठीत, इंग्रजीत, फळ्यावर, सगळीकडे नुसतं ऊर्जा म्हणतो आणि कुठली ते ऐकणाऱ्यावर सोडतो. कणभौतिकीत मोठमोठ्या यंत्रांच्या शलाकेची (बीमची) ऊर्जा बहुतेकदा एकूण ऊर्जेच्या अर्थानं सांगतात, आणि तिथे ते खपून जातं. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या यंत्रात प्रोटॉनची ऊर्जा ६८०० जीईव्ही असते (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), त्यात प्रोटॉनची ०.९४ जीईव्ही विराम-ऊर्जा धरली काय, सोडली काय. ६ आणि ०.५११ च्या बाबतीत तसं नाही.

मला लागलं ते वेगळंच. ही चूक माझ्यासारख्या तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसानं कानानं ऐकली आणि जाऊ दिली, कारण उत्तर प्रकाशाच्या वेगापेक्षा कमी होतं आणि ०.९९ नं सुरू होत होतं. गॅमा ११.७४ असो की १२.७४, वेगाला त्याचं जवळजवळ काही वाटत नाही.

मग चूक पकडायची कशी? मी तिला म्हटलं, तीच रीत जशीच्या तशी ठेव आणि अर्ध्या एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा वेग काढ. ०.५ भागिले ०.५११, गॅमा ०.९७८. एकातून एक भागिले गॅमा-वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की प्रकाशाच्या पटीत वेग मिळतो; इथे वजाबाकीच उणे संख्या आली, आणि कॅल्क्युलेटरनं 'मॅथ एरर' दाखवली. गॅमा एकाखाली जाऊच शकत नाही. जी रीत सहा एमईव्हीला इतकं सुरेख उत्तर देते ती अर्ध्याला कोलमडते, म्हणजे ती सहालाही चूकच होती, फक्त तिथे चूक दिसत नव्हती.

तिसरं उत्तर

हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गॅमा दुरुस्त केल्यावर तिनं खात्रीसाठी दुसऱ्या वाटेनंही करून पाहिलं. ही सवय चांगली आहे. तिच्याकडे कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की वेग वाढला की वस्तुमान गॅमापट होतं, म्हणून गतिज ऊर्जेच्या सूत्रात वाढलेलं वस्तुमान घालावं: अर्धा गुणिले गॅमा-एम गुणिले व्ही-वर्ग. वाचायला किती तर्कशुद्ध वाटतं! तिनं ते समीकरण सोडवलं. गॅमा आला २३.५३, आणि वेग ०.९९९१.

आता वहीत अशा ओळी होत्या:

साधं सूत्र: ४.८५
गतिज ऊर्जेलाच एकूण समजून: ०.९९६४
वाढलेलं वस्तुमान साध्या सूत्रात घालून: ०.९९९१
गॅमात एक मिळवून: ०.९९६९

"खालचे तिन्ही उजेडापेक्षा कमी आहेत सर. मग बरोबर कोणतं, हे समजावं कसं?" असा तिचा प्रश्न होता. मी तिला आदल्या दिवशीची युक्ती आठवून दिली, कमी ऊर्जेला तपास. तिनं तपासलं, आणि तिसरं सूत्र उत्तीर्ण झालं. वेग लहान असला की गॅमा एकाच्या जवळ येतो, आणि अर्धा गॅमा-एम व्ही-वर्ग सरळ हाफ एमव्ही स्क्वेअर होतो. वरच्या टोकालाही ते प्रकाशाचा वेग ओलांडत नाही. दोन्ही टोकांना ते निर्दोष वागतं. चुकीची सगळीच सूत्रं टोकाला नेऊन पकडता येत नाहीत, काहींना मधेच गाठावं लागतं.

कागदावर ते चूक का, हे सांगता येतं. गतिज ऊर्जा म्हणजे कणाला थांबलेल्या अवस्थेतून त्या वेगापर्यंत आणताना बलानं केलेलं काम. बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, आणि संवेग म्हणजे गॅमा गुणिले एम गुणिले व्ही. हे काम शून्यापासून हव्या त्या वेगापर्यंत समाकलनानं जोडत नेलं की हाती येतं (गॅमा उणे एक) गुणिले एमसी-वर्ग. हेच सूत्र आइन्स्टाइननं १९०५ च्या सापेक्षतेवरच्या पहिल्या शोधनिबंधात दिलं. ते उलगडलं तर पहिलं पद हाफ एमव्ही स्क्वेअरच निघतं, आणि पुढच्या पदाचा गुणक तीन-अष्टमांश. झेरॉक्समधलं सूत्र उलगडलं तर पहिलं पद तेच, पण पुढचा गुणक एक-चतुर्थांश. चूक त्या दुसऱ्या पदात दडलेली होती.

वाढणारं वस्तुमान ही कल्पना आपल्या पुस्तकांतून अजून गेलेली नाही. स्वतः आइन्स्टाइननं १९४८ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की चालत्या वस्तूचं असं वाढलेलं वस्तुमान मांडणं बरं नाही, विराम-वस्तुमानाशिवाय दुसरं वस्तुमान वापरू नये, त्याऐवजी संवेग आणि ऊर्जेची सूत्रं द्यावीत. त्याचा अर्थ मला त्या दुपारी नव्यानं कळला. वाढलेलं वस्तुमान संवेगात घाला, उत्तर बरोबर येतं. गतिज ऊर्जेत घाला, चूक येतं. ज्या कल्पनेला कुठे वापरायचं आणि कुठे नाही हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं, ती विद्यार्थ्याला मदत करत नाही.

पण तिला समाकलनावर समाधान नव्हतं. मुलगी हट्टी आहे, आणि या विषयात ते चांगलंच. "हे तर आपण मानलेल्या संवेगावरून काढलं. कुणी मोजून पाह्यलं का?" पाहिलं आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये विल्यम बर्टोझी यांनी अगदी हेच केलं. व्हॅन डी ग्राफ यंत्रातून आणि जास्त ऊर्जेसाठी लिनॅकमधून इलेक्ट्रॉनचे छोटे झोत सोडले, ८.४ मीटर लांबीच्या निर्वात नळीतून पळवले आणि ऑसिलोस्कोपवर वेळ मोजली. प्रकाशाला एवढं अंतर कापायला २८.० नॅनोसेकंद लागतात, नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. अर्ध्या एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला लागले ३२.३.

मी तिला म्हटलं, आता तुझी सूत्रं या आकड्यासमोर उभी कर. साधं सूत्र सांगतं २०.०. झेरॉक्सवालं सांगतं ३०.९. गॅमात एक मिळवणारं सांगतं ३२.५. तिसऱ्या सूत्राचा तिथेच निकाल लागला. एक एमईव्हीला मोजलेली वेळ ३०.८ होती, आपलं सूत्र सांगतं २९.८ आणि झेरॉक्सवालं २८.९. प्रत्यक्ष मोजमाप असं थोडं इकडेतिकडे असतं, पण कुठल्या बाजूला झुकतं ते स्पष्ट आहे. दीड एमईव्हीला मोजलेले २९.२, आपल्या सूत्राचे २९.०.

बर्टोझींनी आणखी एक गोष्ट केली, ती मला वेळेच्या मोजणीइतकीच मोलाची वाटते. इलेक्ट्रॉनला आपण समजतो तेवढी ऊर्जा खरंच मिळाली का, अशी शंका कुणी घेऊ शकतं. त्यांनी नळीच्या शेवटी ॲल्युमिनियमची चकती ठेवून ती किती तापते ते मोजलं. दीड एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांनी प्रत्येकी १.६ आणि साडेचारच्यांनी ४.८ एमईव्ही उष्णता दिली. ऊर्जा पोचत होती. वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हता.

एक गोष्ट तिनं स्वतःहून पाहिली. हाच प्रयोग सहा एमईव्हीला केला असता, तर ८.४ मीटरवर तिच्या खालच्या तिन्ही उत्तरांत मिळून ०.१ नॅनोसेकंदाचाही फरक पडला नसता. तिथे कोण खरं ते ठरलंच नसतं.

वेगाला विचारून उपयोग नाही

या टप्प्यावर ती म्हणाली, आणि ते रास्तच होतं, की फरकच इतका कमी असेल तर कोणतंही उत्तर घेतलं तरी काय बिघडतं?

लिनॅकच्या डोक्यात एक चुंबक असतो. बऱ्याच यंत्रांत इलेक्ट्रॉन आडवे पळवतात आणि रुग्णाकडे वळवण्यासाठी चुंबकानं त्यांना २७० अंशात फिरवतात. वळणाची त्रिज्या वेगावर नाही, संवेगावर ठरते. समजण्यापुरतं चुंबकीय क्षेत्र ०.२ टेस्ला धरू. साध्या सूत्रानं त्रिज्या निघते ४.१ सेंटीमीटर. दुसऱ्या उत्तरानं १०.० सेंटीमीटर. झेरॉक्सवाल्या तिसऱ्यानं २०.० सेंटीमीटर. खरी आहे १०.८ सेंटीमीटर.

जे दोन वेग ०.९९६९ आणि ०.९९९१ म्हणून शेजारी शेजारी बसले होते, त्यांच्या त्रिज्या जवळजवळ दुप्पट वेगळ्या. तिसऱ्या उत्तरावर विसंबून कुणी तो चुंबक बसवला असता, तर शलाका खिडकीतून बाहेर न पडता नळीच्या भिंतीवर आदळली असती. इथे ती पहिल्यांदा गप्प झाली. आत्याच्या यंत्राचा विचार करत असावी.

म्हणून मी आता मुलांना वेग शेवटी काढायला सांगतो. आधी गॅमा, मग संवेग, मग वेग. संवेगासाठी सूत्र सोपं आहे: गतिज ऊर्जेचा वर्ग, अधिक दोन गुणिले गतिज ऊर्जा गुणिले विराम-ऊर्जा, आणि सगळ्याचं वर्गमूळ. सहा एमईव्हीसाठी ३६ अधिक ६.१३, म्हणजे ४२.१३, वर्गमूळ ६.४९ एमईव्ही. याला एकूण ऊर्जेनं, ६.५११ नं भागलं की वेग मिळतो, प्रकाशाच्या ०.९९६९ पट. या वाटेचा आणखी एक फायदा आहे. कमी ऊर्जेला एकातून जवळजवळ एकच वजा करावा लागत नाही, त्यामुळे कॅल्क्युलेटरचे अंक वाया जात नाहीत. फार जास्त ऊर्जेला उलट अडचण येते, कॅल्क्युलेटर सरळ १ दाखवतो. तिथे वेग विचारण्याऐवजी प्रकाशापेक्षा किती कमी ते विचारावं: गॅमा-वर्गाची दुप्पट करायची आणि तिनं प्रकाशाच्या वेगाला भागायचं. एलएचसीतल्या ६८०० जीईव्हीच्या प्रोटॉनचा गॅमा ७२४७, आणि तो प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त २.९ मीटरनं मागे असतो. सकाळी अंबाझरीच्या कडेनं धावणाऱ्या माणसाचा वेग साधारण तेवढा असतो.

तिनं मग विचारलं की डॉक्टर वेग का सांगत नाहीत, नेहमी एमईव्हीच का बोलतात. उत्तर तिच्या वहीतच होतं. मी म्हटलं, १२ एमईव्हीचं काढून बघ. गॅमा २४.४८, वेग ०.९९९२. ऊर्जा दुप्पट झाली आणि वेग वाढला जेमतेम पाव टक्का. पण शरीरात त्याचा परिणाम वेगळा होतो. पाण्यात आणि पाण्यासारख्या मऊ ऊतींत इलेक्ट्रॉन दर सेंटीमीटरला साधारण २ एमईव्ही गमावतो. म्हणून सहा एमईव्हीचे इलेक्ट्रॉन सुमारे ३ सेंटीमीटर खोल जाऊन संपतात आणि बाराचे सुमारे ६. पुरेसा डोस त्याहून बराच वर, पहिल्या काही भागातच मिळतो. छातीच्या भिंतीमागे फुप्फुस आहे, हृदय आहे. सहा निवडायचे की नऊ की बारा, हा निर्णय या खोलीसाठी असतो. वेगानं तो घेताच येणार नाही, कारण वेग तिघांचा जवळजवळ सारखाच.

आत्याचा शेवटचा शेक झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वही चहाच्या ट्रेशेजारीच होती. तिनं ६, ९ आणि १२ एमईव्हीसाठी रकाने पाडले होते, गॅमा पहिला, संवेग दुसरा, वेग शेवटचा. खाली वेगळ्या शाईत अर्ध्या एमईव्हीचा तपास आणि बर्टोझींचे ३२.३ नॅनोसेकंद. नऊच्या रकान्यात गॅमा १८.६१ आणि संवेग ९.५० एमईव्ही. मी मनात ताळा केला, बरोबर होतं.

आत्यांनी मला बसायला सांगितलं आणि लगेच विचारलं, "सर जी, पोरीनं सांगितलं का तुमाले? लय जोरानं येते म्हणे ते."

"उजेडाइतकं नाही येत आत्या," ती आतून म्हणाली. "सेकंदाला सव्वानऊशे किलोमीटर कमी पडते."

"म्हंजे किती?"

"समृद्धीनं मुंबई सातशेएक किलोमीटर. मुंबई गाठून वर सव्वादोनशे किलोमीटर. उजेड सेकंदाला इतका पुढं निघून जाते."

आत्यांनी थोडा विचार केला. "आणि यंत्रापासून माझ्यापर्यंत?"

यंत्राच्या स्रोतापासून त्वचेपर्यंतचं अंतर सहसा १०० सेंटीमीटर धरतात. ती ट्रे घेऊन बाहेर आली, खाली ठेवली, आणि वहीचं पान उलटून ते गणित तिथेच उभ्या उभ्या करायला लागली.